कंपनी म्हणते "पैसे घे, राजीनामा दे अन् कुठे बोलू नको" – सही करू का?

बोलू_की_नको (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार. हा आयडी आजच काढला, कारण काय ते वाचलं की समजेलच. मी नागपूरचीच, एका सॉफ्टवेअर कंपनीत साडेतीन वर्षं झाली, कंपनीचं नाव प्लीज कोणी विचारू नका आणि अंदाजपण लावत बसू नका.

टीम लीडचा त्रास मागच्या दिवाळीपासून सुरू झाला. आधी रात्री अकराला "कामाचे" फोन, मग कंपनीच्या कॅबमध्ये मुद्दाम माझ्याच बाजूला येऊन बसणं, मग हात. जास्त लिहीत नाही. जानेवारीत एक दिवस हद्द झाली आणि फेब्रुवारीत मी इंटर्नल कमिटीकडे, म्हणजे कंपनीतल्या अशा छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कमिटीकडे, लेखी तक्रार दिली. सहा कॉपी द्यायच्या असतात म्हणे, तर सीताबर्डीला झेरॉक्स काढायला गेली तर तो दुकानवाला म्हणतो, ताई कोर्टाचं काम आहे का, मग क्लिअर काढून देतो. मी हो म्हटलं. काय सांगू त्याला.

कमिटीची एकच बैठक झाली. त्यानंतर सगळं शांत. आज दुपारी एचआर मॅडमनी मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि स्टॅम्प पेपरवर टाइप केलेली चार पानं समोर ठेवली. त्यात असं की मी स्वखुशीने राजीनामा देते, तक्रार मागे घेते, तीन महिन्यांचा पगार मिळेल, आणि या विषयावर "कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही स्वरूपात, कायमस्वरूपी" काही बोलणार नाही, बोलली तर २५ लाख कंपनीला द्यायचे. आणखी एक ओळ होती की तक्रार गैरसमजातून झाली होती हे मला मान्य आहे. पेन पण ठेवला होता बाजूला, टोपण काढून.

मी म्हटलं घरी नेऊन वाचते. तर म्हणाल्या कॉपी देता येणार नाही, गोपनीय आहे, फोटोपण काढू नकोस, आणि शुक्रवारपर्यंत सांग. वरून म्हणाल्या, "असंही कायद्यानेच तुला बोलता येत नाही, पॉश कायद्याचं कलम १६ वाच." (पॉश म्हणजे ऑफिसातल्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा.)

बाबा रिटायर झालेत, मनीष नगरच्या फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आईला यातलं काहीच माहीत नाही. माझा प्रश्न इतकाच की हा कागद खरंच एवढा पक्का असतो का? अमेरिकेत असल्या करारांवर बंदी आली असं वाचलं होतं, आपल्याकडे काय आहे? आणि सही केली तर उद्या लग्न ठरलं तर नवऱ्यालापण सांगता येणार नाही का?

तर्रीवाला

ताई, मी सरळ बोलतो, राग मानू नका. सही करून टाका आणि मोकळ्या व्हा. काहून म्हणाल तर नागपूर एवढंसं गाव आहे, आयटीवाले सारे एकमेकांले ओळखतात, इथल्या एचआरचा व्हॉट्सअॅप ग्रुप असते. तुम्ही लढाल, दोन वर्षं जातील, तो टीम लीड तिकडे पुण्याले ट्रान्सफर घेऊन मजेत राहीन अन् तुम्ही इथं चकरा मारून राहाल. तीन महिन्यांचा पगार कमी नसते. माझ्या चुलत बहिणीनं लढून पाहिलं, शेवटी तिलेच लोकं म्हणत की हीच तशी असंन. मले नाही वाटत की न्याय मिळते. पण झोप तर मिळते ना.

काळा_कोट

तर्रीवाले भाऊ, झोपेचं पुढे बघू. ताई, मी वकिली करतो, नागपुरातच, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो, चहा घेऊन वाचा. कागद पाहिल्याशिवाय पक्कं मत देता येत नाही, पण तुम्ही जे सांगितलं तेवढ्यावर बोलतो.

पहिली गोष्ट कलम १६. मॅडम अर्धंच सांगून राहिल्या. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ म्हणतं की तक्रारीतला मजकूर, तक्रारदार बाईची, ज्याच्यावर तक्रार आहे त्याची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीचं कामकाज, हे लोकांपुढे, प्रेसपुढे, मीडियापुढे आणायचं नाही. म्हणजे फेसबुकवर त्याचा फोटो टाकून लिहू नका, इथेही कंपनीचं नाव लिहू नका, हे तुम्ही बरोबर केलं. पण वकिलाला, डॉक्टरला, आईला, पोलिसांना सांगू नको असं त्यात कुठेही नाही. उलट त्याच कलमात पुढे लिहिलंय की ओळख उघड न करता, अमुक बाईला न्याय मिळाला, एवढं सांगायला हरकत नाही. आणि हे कलम मोडलं तर नियमांप्रमाणे दंड किती? पाच हजार रुपये. सरकारने पाच हजार ठेवला आणि तुमच्या कंपनीने २५ लाख. यावरूनच ओळखा की कोणाची गुपितं राखायची सोय चालली आहे. कलम १६ बाईची अब्रू झाकायला आहे, कंपनीचं हे कलम कंपनीची झाकायला. दोन्हीला "गोपनीयता" म्हणतात म्हणून सगळे गोंधळतात, आणि एचआरला तो गोंधळ बरा पडतो.

दुसरी गोष्ट, तडजोड. कलम १० मध्ये समेटाची सोय आहे, पण त्याला अटी आहेत. चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि बाईने स्वतः मागितला तरच. तुम्ही मागितला होता का? नाही. आणि त्यातच स्पष्ट लिहिलंय की समेटाचा पाया पैसा असू शकत नाही. म्हणून कंपन्या काय करतात, पगाराला "सेव्हरन्स" म्हणजे नोकरी सोडतानाचे पैसे म्हणतात, तक्रार मागे घेणं वेगळ्या ओळीत टाकतात, म्हणजे दोन्हीचा संबंध नाही असं दिसावं. पण एकाच स्टॅम्प पेपरवर एकाच दिवशी दोन्ही असलं की तो कागद जरा लंगडाच असतो.

तिसरं, पोलीस. तुमच्यासोबत जे झालं ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये गुन्हा आहे, स्पर्श असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या भारतीय दंड संहितेचं (भादंवि) ३५४-अ होतं. आता आपला करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम २३ खाली इंग्रजांनी उदाहरणं दिलीत, त्यात एक उदाहरण असं की एकाने दुसऱ्यावरचा जबरी चोरीचा खटला मागे घ्यायचं कबूल केलं आणि दुसऱ्याने लुटलेल्या मालाची किंमत परत द्यायचं कबूल केलं, तर तो करार रद्दबातल. दीडशे वर्षं झाली या उदाहरणाला. त्यामुळे "पोलिसात जाणार नाही" असं कोणी लिहून घेतलं तरी त्याची किंमत कागदाच्या रद्दीएवढी. कलम २८ पण बघा, कोर्टात जायचा हक्कच कायमचा बंद करणारी अट तेवढ्यापुरती रद्द असते. हां, झालेल्या वादाची राजीखुशीने तडजोड करता येते, ते चालतं, उगाच सगळंच रद्द समजून सही ठोकू नका.

चौथं, २५ लाख. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही, कोर्ट वाजवी भरपाई ठरवतं आणि लिहिलेला आकडा ही त्याची वरची मर्यादा. तुम्ही आईला सांगितलं म्हणून कंपनीचं काय नुकसान झालं ते त्यांनाच दाखवावं लागेल. दाखवतील?

मग आता करायचं काय ते सांगतो. आज जे झालं ते आठवेल तसं, तारीख वेळ टाकून, कलमवार लिहून स्वतःलाच मेल करा. उद्या एचआरला मेल टाका की मसुद्याची प्रत द्या आणि वाचायला, वकिलाला दाखवायला तीन आठवडे द्या. बस, एवढंच, भांडण नाही, टोमणा नाही. ती "गैरसमज" वाली ओळ कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका, उद्या तोच कागद तुमच्याविरुद्ध खोटी तक्रार म्हणून दाखवतील, जरी पॉशचं कलम १४ म्हणतं की नुसतं सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आणि तक्रार मागे घ्यायची घाई नको, कारण कमिटीकडे जायची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. एकदा मागे घेतली आणि ते पलटले तर दार बंद. राजीनामा दिला तरी चौकशी थांबत नाही, हेही लक्षात ठेवा, घटना घडली तेव्हा तुम्ही तिथे होत्या एवढं पुरे.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे अर्ध्या नागपूरला माहीत नाही.

पूर्वीची_एचआर

मी बारा वर्षं एचआरमध्ये काढली, तीन कंपन्या, आता घरून टिफिनचा धंदा करते आणि सुखात आहे. इथे कबुली देते कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

हा कागद कुठून येतो सांगू का. हेड ऑफिसचा एक टेम्पलेट असतो. मुळात तो इंजिनिअरने नोकरी सोडताना कोड, क्लायंटची यादी घेऊन जाऊ नये म्हणून केलेला. त्यातली "कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही स्वरूपात" ही ओळ खरं तर क्लायंटच्या डेटासाठी लिहिलेली असते. मग कधीतरी कोणीतरी तोच उचलून तक्रारीच्या सेटलमेंटला चिकटवला आणि तसाच चालू राहिला. माझ्याकडच्या एका फाइलमध्ये तर बाईच्या तक्रारीच्या कागदात "सोर्स कोड परत केला आहे" अशी ओळ राहून गेली होती, ती बिचारी अकाउंट्समध्ये होती! कोणीच वाचलं नाही. तिनेही सही केली.

मी स्वतः अशा पाच-सहा सह्या घेतल्या. पेन टोपण काढून ठेवायचा ही पण आम्हाला शिकवलेलीच गोष्ट आहे, हसू नका. शुक्रवारची मुदतही तशीच, सोमवारी सांगायचं आणि शुक्रवार म्हणायचं म्हणजे मध्ये वकील गाठायला वेळ नाही आणि शनिवार रविवारी घरच्यांशी बोलून मत बदलायची भीती नाही. शुक्रवारनंतर काही होत नाही. शुक्रवारी नाही म्हटलं तर पुढच्या बुधवारी थोडा बरा आकडा येतो.

आणि एक, या बारा वर्षांत कागद मोडला म्हणून कंपनीने एखाद्या बाईवर दावा लावलेला मी पाहिला नाही. लावतील कसा, दावा लावला की सगळं कोर्टात उघडं होणार. तो कागद कोर्टासाठी नसतोच. तो बाईच्या डोक्यात राहण्यासाठी असतो.

घाई का आहे तेही सांगते. जुलै २०२५ पासून कंपनीच्या बोर्डाच्या वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि ९० दिवसांच्या वर किती पेंडिंग आहेत ते आकडे द्यावे लागतात. तुमची फेब्रुवारीची तक्रार ९० दिवसांच्या आसपास आली असेल ना? पेंडिंगच्या रकान्यात एकचा आकडा कोणालाच नको असतो. मागे घेतलेली तक्रार "निकाली" मध्ये बसते. आणि त्या टीम लीडच्या फाइलला काहीच लागत नाही, पुढच्या अप्रेझलला तो कोरा.

सही_केलेली

तर्रीवाले दादांनी झोपेचं लिहिलं म्हणून लिहायला बसली. नाहीतर वाचूनच सोडून देत होती.

मी २०१९ मध्ये सही केली. दुपारी साडेचार वाजले होते. सही झाल्यावर एचआरने चहा मागवला आणि वरून निरोपाची म्हणून काजूकतलीचा डबा दिला, मी तो घरी घेऊन आली आणि सगळ्यांनी खाल्ला, मीपण खाल्ली.

आईने विचारलं एवढी चांगली नोकरी का सोडली, मी म्हटलं प्रोजेक्ट संपला. मग दर चार दिवसांनी तोच प्रश्न, आत्या विचारे, शेजारच्या काकू विचारत, मी तेच सांगे. इंटरव्ह्यूला विचारलं की मध्ये सात महिन्यांचा गॅप का, तिथेही काहीतरी थाप. रात्री तीनला जाग यायची तर धंतोलीत एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अगदी मायेने विचारलं, कामाच्या ठिकाणी काही झालं का बेटा? मी नाही म्हटलं. कारण कागदात "कोणत्याही व्यक्तीला" असं होतं आणि डॉक्टर पण व्यक्तीच ना. इतकी मूर्ख नव्हती मी, एमसीए आहे, पण तेव्हा तसंच वाटायचं की कुठून तरी त्यांना कळेल. वर्षभर झोपेच्या गोळ्या खाल्ल्या आणि डॉक्टरला कारणच माहीत नव्हतं.

पण हे नाही सांगायचं मला. २०२२ मध्ये सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर, वर ऑरेंज लाइनच्या प्लॅटफॉर्मवर उभी होती, एक मुलगी आली, म्हणे दीदी तुम्ही आधी अमुक ठिकाणी होत्या ना, तुमच्या जागेवर मीच आली होती, तुमच्या ड्रॉवरमध्ये तुमचा कंगवा सापडला होता. हसली. मग हसू थांबवून विचारते, "दीदी, तुमच्यावेळी सर कसे होते?"

मी म्हटलं, "ठीक होते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खापरीची गाडी आली आणि ती चढली. मला वाटतं ती सांगायला आली होती, विचारायला नाही. आणि मी तीन महिन्यांच्या पगारात तिला दोन शब्द दिले.

तू सही कर की नको कर ते मी सांगत नाही, हप्ता कसा असतो मला माहीत आहे. फक्त तो "कोणत्याही व्यक्तीला" शब्द तसाच ठेवून सही करू नकोस.

तर्रीवाला

ताई, माफ करा. मी खरंच तेवढा विचार नव्हता केला.

फुटाळ्याचा_वारा

अमेरिकेचं विचारलं होतं म्हणून थोडं, कारण तिथल्या बातम्या इथे अर्ध्याच पोचतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथे स्पीक आउट अॅक्ट आला. पण तो फक्त आधीच्या सह्यांपुरता आहे, म्हणजे नोकरीला लागताना जे जाडजूड पुडकं सही करून घेतात त्यातलं "बोलणार नाही" हे कलम लैंगिक छळाच्या बाबतीत चालणार नाही. वाद झाल्यावर जी तडजोड होते, ताईंसारखी, ती या कायद्यात येतच नाही. ते काम राज्यांनी केलं. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून छळाच्या केसमध्ये झालेल्या घटना लपवायची अट बंद केली आणि २०२२ पासून तेच नोकरीतल्या सगळ्या भेदभावाला लावलं, वंश, धर्म, अपंगत्व, वय, सगळं. आकडा मात्र गुप्त ठेवता येतो, आणि बाईला स्वतःचं नाव लपवायचं असेल तर तेही ठेवता येतं. मला हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. काय घडलं ते झाकायचं नाही, कोणासोबत घडलं ते तिची मर्जी. न्यूयॉर्कमध्ये विचार करायला २१ दिवस आणि सही केल्यावर फिरवायला ७ दिवस. आयर्लंडने २०२४ मध्ये असं केलं की कर्मचाऱ्याने स्वतः मागितलं तरच असा करार, वकिलाचा खर्च कंपनीचा, आणि १४ दिवसांत मागे फिरता येतं. ब्रिटनच्या २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यातही छळ आणि भेदभावाबद्दल बोलू न देणारी कलमं रद्द ठरवायची तरतूद आहे.

ब्रिटनवरून आठवलं. हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन, त्याच्या लंडन ऑफिसात झेल्डा पर्किन्स म्हणून असिस्टंट होती. त्याने हल्ला केला असं तिच्या सहकारी मुलीने सांगितलं म्हणून ती भांडली आणि १९९८ मध्ये दोघींना मिळून अडीच लाख पौंड देऊन सही घेतली. तिला कराराची पूर्ण प्रत हातातसुद्धा दिली नव्हती, बघायचा असेल तर वकिलाच्या ऑफिसात जाऊन बघायचा. १९ वर्षं गप्प राहिली, २०१७ मध्ये तिने तो मोडला आणि जगाला सांगितलं. तिच्यावर कोणी दावा लावला नाही. ताई, तुम्हाला कॉपी दिली नाही हे वाचलं तेव्हा मला तीच आठवली, लंडन असो की नागपूर, ट्रिक तीच.

हिशोबी

सगळं पटतं पण एक शंका, आणि मला कोणी शिव्या देऊ नका. सरसकट बंदी आणली तर कंपनी पैसे का देईल? गप्प बसण्याचेच तर पैसे आहेत. उद्या बायकांना तेवढंपण मिळणार नाही, आणि प्रत्येकीला चौकशी, उलटतपासणी यातून जावं लागेल. काही जणींना खरंच नको असतं हे सगळं. माझी मैत्रीण होती, तिला स्वतःलाच हवं होतं की कुठे नाव येऊ नये, सासरी कळू नये.

काळा_कोट

शंका बरोबर आहे, शिव्या कशाला. पण पैसे फक्त तोंड बंद ठेवायचे नसतात हो. पॉशच्या कलम १५ मध्ये कमिटी भरपाई ठरवू शकते, मानसिक त्रास, करिअरचं नुकसान, औषधाचा खर्च बघून, त्रास देणाऱ्याच्या पगारातून कापून द्यायला सांगू शकते. कंपनीला कोर्टाचा खर्च, वेळ, बदनामी टाळायची असते, ते कारण बंदी आली तरी उरतंच. तुमच्या मैत्रिणीचं नाव लपवायला तिच्यासाठी कलम १६ आहेच, त्यासाठी तिला गप्प बसायची सही द्यायची काय गरज? कुलूप असू द्या, फक्त किल्ली बाईच्या हातात पाहिजे. आपल्याकडे अशा कलमांना नेमकी बंदी घालणारा वेगळा कायदा नाही, जुन्या करार कायद्यावर भांडावं लागतं, हीच अडचण. पॉशच्या कलम १० मध्ये एक ओळ घातली की समेटाच्या कागदात पोलीस, डॉक्टर, वकील, घरचे आणि पुढच्या कमिटीपुढची साक्ष यांना बंदी करता येणार नाही, तर निम्मं काम होईल. माझं मत.

निळं_आकाश

यात फक्त लैंगिक छळाचंच बोलणं चालू आहे म्हणून. माझ्या भावाला ऑफिसात जातीवरून बोलत, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जायला सुटी मागितली की टोमणे ठरलेले, शेवटी एकदा चारचौघांत जातीचं नाव घेऊन बोलला मॅनेजर. एचआरने असाच कागद आणला, दोन पगार आणि गप्प. भावाने सही केली. नंतर आम्हाला कळलं की १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो, तो गुन्हा आहे, कंपनीच्या कागदाने मिटत नाही. पण तोपर्यंत जे दोघं साक्षीदार होते त्यांनीपण आपापल्या कागदावर सह्या केल्या होत्या. साक्षीदारांच्या पण सह्या घेतात, हे कोणी बोलत नाही.

काळा_कोट

निळं_आकाश, साक्षीदाराचा मुद्दा फार मोलाचा. कोर्टाने बोलावलं तर कोणताही खासगी कागद साक्षीला आडवा येत नाही, भावाला एवढं सांगा. आणि त्यांना वकिलाकडे पाठवा.

एमआयडीसी_बॉय

आणि पुरुषांचं काय? माझ्यासोबत झालं तर मी कुठे जाऊ? पॉशमध्ये तर फक्त बाई.

पूर्वीची_एचआर

बरोबर आहे भाऊ, तो कायदा फक्त बाईसाठीच आहे. कंपनीची स्वतःची आचारसंहिता असते त्यात तक्रार करता येते, काही कंपन्यांनी सगळ्यांसाठी एकच पॉलिसी ठेवली आहे. पण वेगळा धागा काढा ना, इथे ताईंचा शुक्रवार जवळ येऊन राहिला.

बोलू_की_नको (गुरुवार, रात्री १०:०५)

सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवस हेच वाचून राहिली आहे. अपडेट देते.

मंगळवारी मेल टाकला, काळा_कोट सरांनी सांगितला तसाच, चार ओळींचा. प्रत द्या, तीन आठवडे द्या. अर्ध्या तासात एचआर मॅडमचा फोन. आवाज एकदम गोड, म्हणतात अगं मेल कशाला करतेस, आपण बोलू ना, तू उगाच वाढवतेस. मी म्हटलं मॅडम जे आहे ते मेलवर सांगा ना. त्या म्हणाल्या मेलवर नाही सांगता येणार. मग मी काहीच बोलली नाही, त्याही बोलल्या नाहीत, मग फोन कट. अजून मेल आला नाही. पण आज कमिटीकडून पत्र आलं, दुसरी बैठक पुढच्या मंगळवारी. दीड महिना झोपले होते, एका मेलने उठले.

विधी सेवावाल्यांकडे पण जाऊन आली, तिथल्या मॅडमने अर्ज भरून घेतला, आधार आणि तक्रारीची कॉपी मागितली. सहा कमिटीला दिल्या होत्या, झेरॉक्सवाल्याने सातवी "एक ठेवून घ्या ताई, कामी येते" म्हणून काढून दिली होती, तीच दिली.

आणि काल रात्री आईला सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल सोड ती नोकरी. ती भाजी निवडत होती, मेथी. काहीच बोलली नाही बराच वेळ, निवडतच राहिली. मग एवढंच विचारलं, "तुझ्यानंतर त्या कॅबमध्ये कोण जाते?"

मला माहीत आहे कोण जाते. दोन नवीन मुली आहेत, एक भंडाऱ्याची आणि एक इथलीच.

उद्या सही करत नाही आहे. पुढचं पुढे.

काळा_कोट

आईंना नमस्कार सांगा. आणि आईंचा तोच प्रश्न मंगळवारी कमिटीपुढे लेखी ठेवा. कंपनीची कॅब कायद्याने कामाचं ठिकाणच धरली जाते, आणि कमिटीला कागद मागवायचे, माणसं बोलवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. दिवाळीपासूनचा कॅबचा रोस्टर मागवायला सांगा, कोणत्या तारखेला कोण कोणाच्या बाजूच्या सीटवर होतं ते नसलं तरी कोण गाडीत होतं ते निघेल, ड्रायव्हरचं नावपण निघेल. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या.

सही_केलेली

मंगळवारी कोणी सोबत नसेल तर मी बाहेर बसते. आत येता येणार नाही मला माहीत आहे. खाली टपरीवर बसेन.